परदेशी जोडीदारासोबत संयुक्त खाते: आधी दोघे राहतात कोठे ते पाहा

पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या एका भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मागील वर्षी त्यांचा विवाह विशेष विवाह कायद्याखाली एका ब्रिटिश नागरिकाशी झाला. पती मँचेस्टरला नोकरी करतात, वर्षातून दोनदा पुण्याला येतात आणि दोनेक वर्षांनी कायमचे येथे राहायला येण्याचा त्यांचा विचार आहे. तोपर्यंत घरभाडे, घरखर्च आणि थोडी बचत यांसाठी दोघांच्या नावे एक खाते असावे, त्यात दोघांनी पैसे भरावेत आणि दोघांनाही ते चालवता यावे, अशी त्यांची इच्छा आहे. एका शाखेत त्यांना सांगण्यात आले की तुमच्या चालू असलेल्या बचत खात्यात पतींचे नाव जोडून घ्या, म्हणजे काम झाले. दुसऱ्या शाखेत सांगण्यात आले की परदेशी माणसाला येथे खाते उघडताच येत नाही. यांपैकी कोणाचे ऐकावे, हा त्यांचा प्रश्न आहे.

दोघांचेही ऐकू नये. दुसऱ्या शाखेची चूक निदान लगेच कळते, कारण खाते उघडलेच जात नाही आणि माणूस दुसरीकडे चौकशी करतो. पहिल्या शाखेची चूक मात्र चार-पाच वर्षांनी, घर विकताना किंवा पैसे परत नेताना उघडी पडते, आणि तोपर्यंत त्या खात्यातून शेकडो व्यवहार होऊन गेलेले असतात. बँकेतील नोकरीची शेवटची अकरा वर्षे मी अनिवासी खात्यांच्या टेबलावर काढली. त्या काळात माझ्यापुढे आलेली सर्वांत अवघड प्रकरणे ही खाते नाकारले गेल्याची नव्हती. ती चुकीच्या प्रकारचे खाते सहज उघडून दिले गेल्याची होती.

परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९, म्हणजेच ज्याला सगळे फेमा म्हणतात तो कायदा, खात्याचा प्रकार ठरवताना आधी माणूस राहतो कोठे हे पाहतो आणि नागरिकत्व नंतर पाहतो. भारतीय पासपोर्ट असूनही दुबईला नोकरी करणारा माणूस या कायद्याच्या दृष्टीने अनिवासी असतो, आणि ब्रिटिश पासपोर्ट असूनही पुण्यात बिऱ्हाड थाटून राहिलेला माणूस निवासी ठरू शकतो. आधीच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक काळ भारतात राहणे ही निवासी असण्याची मूळ कसोटी आहे, आणि येण्याजाण्याचा हेतू नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित काळासाठी राहणे असा आहे काय, हेही तिच्या जोडीने पाहिले जाते. आयकराच्या कायद्यातील निवासी ही व्याख्या वेगळी आहे, आणि बँकेत आलेल्या सुशिक्षित ग्राहकांकडूनही या दोहोंची गल्लत होताना मी नेहमी पाहिली आहे. बँकेचे खाते कोणत्या प्रकारचे असावे याला फेमाची व्याख्या लागू होते.

याचा तुमच्यापुरता अर्थ असा की आज तुम्ही निवासी आहात आणि तुमचे पती अनिवासी आहेत. दोघे एकाच बाजूला असता, म्हणजे दोघेही येथे किंवा दोघेही तेथे, तर तुमच्या मनात आहे तसे एकच सामाईक खाते विनासायास उघडता आले असते. दोघे दोन बाजूंना असल्यामुळे, दोघांनीही पैसे भरावेत आणि दोघांनीही सह्या कराव्यात असे एकच खाते आज नियमात बसत नाही. हे आधी मान्य केले म्हणजे पुढची मांडणी सोपी होते, आणि ती मांडणी तुमच्या गरजेला पुरेशी आहे असे मला मनापासून वाटते.

आता पहिल्या शाखेच्या सल्ल्याकडे वळतो. निवासी व्यक्तीच्या बचत खात्यात तिच्या अनिवासी नातेवाइकाचे नाव जोडण्याची सवलत रिझर्व्ह बँकेने २०११ साली दिली. तेव्हा ती 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' या पद्धतीपुरती होती, म्हणजे पहिला खातेदार हयात असेपर्यंत त्यानेच खाते चालवायचे आणि त्याच्या पश्चात मागे राहिलेल्याला रक्कम मिळायची. २०१४ साली ती 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' अशी, म्हणजे दोघांपैकी कोणीही खाते चालवू शकेल अशी करण्यात आली. शाखेतील कर्मचाऱ्यांना हे एवढेच लक्षात राहते. त्या सवलतीसोबत आलेल्या अटी मात्र फारसे कोणी वाचत नाही, आणि खरा मजकूर त्या अटींतच आहे.

पहिली अट अशी की हे खाते सर्व अर्थांनी निवासी खातेच राहते आणि त्यात अनिवासी नातेवाइकाचा पैसा, मग तो धनादेशाने येवो, परदेशातून पाठवलेला असो, रोख असो की कार्डाने आलेला असो, जमा करता येत नाही. दुसरी अट अशी की अनिवासी नातेवाइकाने ते खाते फक्त निवासी खातेदाराच्या वतीने आणि देशांतर्गत देण्यांसाठीच चालवायचे, त्यात स्वतःचा हितसंबंध निर्माण करायचा नाही. तिसरी अट अशी की निवासी खातेदाराचे निधन होऊन अनिवासी व्यक्ती मागे राहिली, तर ते खाते अनिवासी खात्यात रूपांतरित करावे लागते आणि बँकेला तसे कळवण्याची जबाबदारी त्या मागे राहिलेल्या व्यक्तीचीच असते. पतींनी दरमहा आपला वाटा त्या खात्यात भरावा हीच तुमची मूळ कल्पना असल्याने, नेमके तेच काम हे खाते करू शकत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. ही सवलत 'अनिवासी भारतीय' नातेवाइकांसाठी आहे, आणि ठेवींसंबंधीच्या २०१६ च्या नियमावलीत अनिवासी भारतीय म्हणजे भारताबाहेर राहणारा भारताचा नागरिक. तुमचे पती भारताचे नागरिक नाहीत. त्यामुळे एखाद्या अधिकाऱ्याने या कारणावरून त्यांचे नाव तुमच्या बचत खात्यात जोडण्यास नकार दिला, तर त्याला अडवणूक समजू नका. त्याने नियम नीट वाचला आहे.

हे किती महागात पडते याचे एक उदाहरण देतो. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेच्या बचत खात्यात परदेशी नोकरी करणाऱ्या त्यांच्या पतीचे नाव असेच जोडलेले होते आणि तीन वर्षे पतीचा पगार थेट त्याच खात्यात येत होता. त्या पैशातून त्यांनी सदनिका घेतली. पुढे दोघांनी परदेशी स्थायिक व्हायचे ठरवले, सदनिका विकली आणि रक्कम तिकडे नेण्यासाठी अर्ज केला, तेव्हा मूळ पैसा कोणाचा, कोठून आला आणि निवासी खात्यात कसा जमा झाला, हे प्रश्न एकामागून एक उभे राहिले. त्या बाई पासबुकांची चळत घेऊन माझ्यासमोर बसल्या होत्या आणि प्रत्येक परदेशी जमेखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारलेली होती. अशा चौतीस रेघा होत्या. त्यांची कोणतीही लबाडी नव्हती. खाते उघडून देणाऱ्याने सांगितले तसे त्यांनी केले होते. तरीही कागदपत्रे जुळवण्यात त्यांचे सव्वा वर्ष गेले. फेमाच्या उल्लंघनाबद्दल गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि प्रत्यक्षात प्रकरण तेवढ्यावर गेले नाही तरी ती टांगती तलवार घेऊन झोप लागत नाही.

दुसऱ्या शाखेचे म्हणणे तर मुळातच टिकणारे नाही. भारताबाहेर राहणारी कोणतीही व्यक्ती येथे अनिवासी सामान्य खाते, म्हणजे एनआरओ खाते, उघडू शकते. पाकिस्तान आणि बांगलादेशाच्या बाबतीत तेवढी वेगळी बंधने आहेत. अगदी पर्यटनासाठी आलेल्या परदेशी माणसालाही सहा महिन्यांपर्यंतच्या मुदतीसाठी असे खाते मिळते. तुमच्या पतींची स्थिती तर त्याहून बळकट आहे. ठेवींच्या नियमावलीत 'भारतीय वंशाची व्यक्ती' या व्याख्येत भारतीय नागरिकाच्या परदेशी वंशाच्या पतीचा किंवा पत्नीचाही समावेश आहे. नाव ऐकून वाटते की आजा-पणजा भारतीय असावा लागेल, परंतु विवाहानेही माणूस या व्याख्येत येतो. त्यामुळे तुमचे पती एनआरओ खात्याबरोबरच अनिवासी बाह्य खाते, म्हणजे एनआरई खातेही उघडू शकतात. त्यासाठी ओसीआय कार्ड, म्हणजे 'भारताचे परदेशस्थ नागरिक' म्हणून नोंदणीचे कार्ड, हाती असण्याची गरज नाही. ते कार्ड विवाह नोंदवल्यापासून सलग दोन वर्षे झाल्यावरच मागता येते. खात्यासाठी तेवढे थांबण्याचे कारण नाही. शाखेत जाताना नियमावलीतील ही व्याख्या छापून सोबत ठेवा आणि शांतपणे पुढे करा. वाद घालण्यापेक्षा कागद पुढे केलेला अधिकाऱ्यालाही बरा वाटतो, कारण त्यालाही तो वर दाखवायचा असतो.

एनआरओ घ्यावे की एनआरई, हा विचार नीट करण्यासारखा आहे. एनआरई खात्यात परदेशातून आलेला पैसाच प्रामुख्याने जमा होतो, येथील उत्पन्न त्यात सरसकट भरता येत नाही. त्या बदल्यात त्यातील मुद्दल आणि व्याज दोन्ही विनाअडथळा परत नेता येतात आणि व्याजावर भारतात आयकर लागत नाही. एनआरओ खात्यात येथील उत्पन्नही जमा होते, परंतु त्यातील शिल्लक बाहेर नेण्यास एका आर्थिक वर्षात दहा लाख अमेरिकी डॉलरची मर्यादा आहे आणि त्यासाठी सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र व आयकर विभागाकडे ऑनलाइन घोषणा लागते. एनआरओच्या व्याजावर अगदी पहिल्या रुपयापासून तीस टक्के आणि त्यावरील उपकर असा टीडीएस कापला जातो. निवासी बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस नसतो, त्यामुळे पहिल्या तिमाहीनंतर 'आमचे पैसे का कापले' असे विचारत अनेक ग्राहक टेबलावर येत. भारत आणि ब्रिटन यांच्यातील दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारानुसार हा दर पंधरा टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतो, मात्र त्यासाठी पतींना ब्रिटिश कर खात्याचे रहिवासाचे प्रमाणपत्र मिळवून बँकेला द्यावे लागेल.

तुमचे पती आज येथे काही कमावत नाहीत. जो पैसा येईल तो मँचेस्टरच्या पगारातूनच येईल. म्हणून माझे मत स्पष्टपणे एनआरई खात्याच्या बाजूने आहे. एनआरई मुदत ठेव किमान एक वर्षाची करावी लागते, एवढे लक्षात ठेवा. आणि भारतात करमुक्त असलेले हे व्याज ब्रिटनमध्ये करमुक्त ठरत नाही. तेथील रहिवासी करदात्याला जगभरातील उत्पन्न दाखवावे लागते. हे त्यांना आजच सांगा, कारण दोन्ही देशांच्या कर खात्यांमध्ये खात्यांची माहिती आपोआप दिली-घेतली जाते.

या एनआरई खात्यात पहिले नाव पतींचे आणि दुसरे तुमचे, अशी नोंद करता येते. निवासी नातेवाइकाला दुसरा खातेदार म्हणून घेण्याची परवानगी आहे आणि नातेवाइकाची व्याख्या कंपनी कायदा, २०१३ मधली आहे; तिच्यात पती-पत्नी येतातच. पण अर्जावर 'खाते चालवण्याची पद्धत' हा जो रकाना असतो त्यात 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' हेच लिहावे लागते. याचा अर्थ पती हयात असेपर्यंत केवळ दुसऱ्या नावाच्या बळावर तुम्हाला त्यातून एक रुपयाही काढता येणार नाही. हे ऐकून नाराज झालेल्या पत्नी मी पाहिल्या आहेत, आणि ती नाराजी समजण्यासारखी आहे. खात्यावर नाव आहे, पासबुकावर नाव छापले आहे, आणि तरी सही चालत नाही.

यावरचा मार्ग मुखत्यारपत्राचा. पतींनी तुमच्या नावे मुखत्यारपत्र किंवा बँकेच्या नमुन्यातील अधिकारपत्र करून दिले, तर तुम्ही त्या खात्यातून स्थानिक देणी, म्हणजे घरभाडे, वीजबिल, विम्याचा हप्ता, भागवू शकता आणि पतींना त्यांच्याच परदेशी खात्यात रक्कम परत पाठवू शकता. त्यांच्या वतीने निवासी व्यक्तीला भेट म्हणून रक्कम देणे मात्र मुखत्याराला करता येत नाही, आणि पतींच्या वतीने एनआरई खाते उघडणेही करता येत नाही. खाते उघडण्याचा अर्ज त्यांनी स्वतःच केला पाहिजे.

तुमच्या रोजच्या घरखर्चासाठी मात्र मी याहून सोपी व्यवस्था सुचवतो. तुमचे बचत खाते फक्त तुमच्या नावावर राहू द्या. त्यावर पतींचे नाव नसेल, तर त्यांनी परदेशातून किंवा आपल्या एनआरई खात्यातून तुम्हाला घरखर्चासाठी रक्कम पाठवण्यास कोणतीही आडकाठी नाही. जी अडचण आहे ती नाव जोडल्यामुळे निर्माण होते. दरमहा एका तारखेला ठरलेली रक्कम आपोआप वळती होईल अशी सूचना त्यांनी ऑनलाइन देऊन ठेवावी. पतीने पत्नीला दिलेल्या रकमेवर भेट म्हणून कर लागत नाही. त्या रकमेची तुम्ही गुंतवणूक केलीत तर तिच्यावरील उत्पन्न पतींच्या उत्पन्नात मिळवले जाते, म्हणून खर्चाचा पैसा खर्चासाठीच ठेवावा आणि बचत पतींच्या एनआरई ठेवीत करावी, ज्यात दुसरे नाव तुमचे आहेच.

कागदपत्रांच्या बाबतीत एक आग्रहाची विनंती आहे. पती पुण्यात असतील तेव्हा दोघांनी मिळून शाखेत जा. परदेशातून अर्ज पाठवायचा झाल्यास पासपोर्ट आणि पत्त्याच्या प्रती तेथील नोटरी, न्यायाधीश, भारतीय वकिलात किंवा भारतीय बँकेची तेथील शाखा अशांपैकी कोणाकडून तरी साक्षांकित करून घ्याव्या लागतात, आणि त्यात महिने जातात. प्रत्यक्ष गेल्यास अधिकारी मूळ प्रती पाहून तेथेच शिक्का मारतो. पासपोर्ट व व्हिसाचे पान, मँचेस्टरच्या पत्त्याचा पुरावा, विवाहाचे प्रमाणपत्र, छायाचित्रे, पॅन किंवा पॅन नसल्याचे विहित घोषणापत्र आणि करविषयक स्वयंघोषणा एवढे सोबत असू द्या. त्या स्वयंघोषणेत ब्रिटनचा कर क्रमांक विचारतात. तेथे त्यांचा नॅशनल इन्शुरन्स क्रमांक लिहिता येतो. तो रकाना कोरा राहिल्यामुळे परत आलेल्या अर्जांची संख्या फार मोठी असते. पॅन मात्र काढूनच घ्यावे. परदेशी नागरिकांसाठीचा अर्ज निराळा असतो, तो ऑनलाइन भरता येतो, आणि पुढे मुदत ठेवी, कर परतावा, मालमत्ता या प्रत्येक पायरीवर तो क्रमांक लागतो.

विवाहाच्या प्रमाणपत्रावरील नाव आणि पासपोर्टवरील नाव अक्षरशः जुळते काय, हे घरीच तपासा. ब्रिटिश पासपोर्टवर पहिली नावे दोन-तीन असतात आणि आपल्याकडील नोंदीत त्यातले एखादे गळून पडते. असे झाले असेल तर निबंधक कार्यालयातून दुरुस्ती करून घेणे हाच उपाय. शाखेत गयावया करून उपयोग नसतो, कारण अर्ज तपासणारा माणूस शाखेत बसलेला नसतो, तो दुसऱ्या शहरातील केंद्रात पडद्यावर दोन नावे शेजारी शेजारी ठेवून पाहत असतो. तुम्ही स्वतः विवाहानंतर आडनाव बदलले असेल आणि पासपोर्ट किंवा आधार जुन्याच नावावर असेल, तर विवाहाचे प्रमाणपत्र जोडून तेच ओळखपत्र चालते. विवाह परदेशात झालेल्या वाचकांनी तेथील प्रमाणपत्रावर अपोस्टिल, म्हणजे कागद अस्सल असल्याचा तेथील सरकारचा दाखला, घेऊन यावे, आणि ज्या देशाशी अपोस्टिलची व्यवस्था लागू नाही तेथे भारतीय वकिलातीकडून साक्षांकन करून घ्यावे.

सहीच्या बाबतीतही असेच. नाशिककडील एका कुटुंबाची फ्रेंच सून खाते उघडायला आली होती. तिने सहा महिने खपून देवनागरी शिकून घेतली होती आणि अर्जावर तिने आपले नाव देवनागरीत, शिरोरेघ अगदी सरळ काढून, लिहिले. सासूबाई शेजारी उभ्या राहून कौतुकाने पाहत होत्या. तो अर्ज केंद्रातून परत आला, कारण पासपोर्टवरची सही रोमन लिपीतली होती. तिला हे सांगताना मला फार वाईट वाटले. सही कोणत्याही लिपीत करता येते, पण ओळखपत्रावर आहे तशीच ती सगळीकडे असावी लागते. पासपोर्ट नवा होईल तेव्हा त्यावरच देवनागरी सही करा, असे मी तिला सुचवले. पुढे तिने तसेच केले.

पती कायमचे पुण्याला आले म्हणजे ही सर्व मांडणी बदलावी लागेल, आणि ते चांगल्यासाठीच आहे. अनिश्चित काळासाठी राहण्याच्या हेतूने ते येतील, तेव्हा एनआरई खाते निवासी खात्यात रूपांतरित करून घ्यावे लागते किंवा त्यातील रक्कम निवासी परकीय चलन खात्यात, म्हणजे आरएफसी खात्यात, ठेवता येते. पाउंड पाउंडच ठेवायचे असतील तर आरएफसी विसरू नका. त्याची माहिती शाखा आपण होऊन क्वचितच देते. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आल्यास परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात करायची नोंदणी आता ऑनलाइन होते आणि १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसासाठी ती आल्यापासून चौदा दिवसांत करायची असते; तिचा कागद बँकेला द्यावा. ओसीआय कार्ड असल्यास या नोंदणीची गरज पडत नाही. त्यानंतर दोघेही निवासी झाल्यामुळे, तुम्हाला आज हवे आहे तसेच, दोघांच्या नावाचे, दोघांच्या सह्यांचे, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचे साधे बचत खाते उघडता येईल. पुढे कधी ते नोकरीसाठी परत गेले, तर बँकेला कळवून त्याचा प्रकार पुन्हा बदलून घ्यावा लागेल.

हाच प्रश्न थोड्या वेगळ्या स्थितीतील अनेकांना पडतो, म्हणून त्यांच्यासाठीही लिहितो. विवाह झालेला नसेल तर नातेवाइकाची व्याख्या लागू होत नाही, त्यामुळे निवासी बचत खात्यात परदेशी जोडीदाराचे नाव जोडता येत नाही आणि एनआरई खात्यात निवासी जोडीदाराला दुसरे नाव देता येत नाही. एनआरओ खात्यात मात्र निवासी व्यक्तीला 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने घेण्यासाठी नात्याची अट घातलेली नाही, आणि हाच त्यांच्यासाठी खुला मार्ग आहे. समलिंगी जोडप्यांना संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांचे नामनिर्देशन करण्यास कोणतेही बंधन नाही, असे रिझर्व्ह बँकेने आणि अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. दोघे भारतात राहत असतील तर त्यांना ते पुरेसे आहे. एक जण परदेशी राहत असेल तर परदेशात झालेल्या त्यांच्या विवाहाला येथे मान्यता नसल्यामुळे त्यांनाही एनआरओचाच मार्ग घ्यावा लागतो. हे त्यांच्यावर अन्यायाचे आहे असे मी मानतो, परंतु आजची स्थिती ही आहे.

गोव्यातील वाचकांसाठी एक गोष्ट. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन इंग्लंडला गेलेले आणि पत्नी मडगाव-सासष्टीकडे असलेले अनेक गृहस्थ आपले जुने बचत खाते तसेच चालू ठेवतात, कारण माणूस तोच, गाव तेच. परकीय नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते आणि ते 'भारतीय वंशाची व्यक्ती' या वर्गात जातात; परदेशी नोकरीला गेले त्याच वेळी खाते एनआरओ व्हायला हवे होते. त्यांनाही वर सांगितलेलीच मांडणी लागू आहे.

जोडीदार अमेरिकी नागरिक असेल तर खाते उघडण्यापूर्वीच विचार करा. अमेरिकी नागरिक जगात कोठेही राहत असला तरी, त्याच्या सर्व परदेशी खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षातील कोणत्याही एका दिवशी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर त्याला तेथील अर्थ खात्याला त्यांचा तपशील द्यावा लागतो. नुसता सहीचा अधिकार असलेले खातेही त्यात मोजले जाते. म्हणजे सोयीसाठी म्हणून सुनेचे नाव सासऱ्यांच्या निवृत्तिवेतनाच्या पैशाच्या खात्यात जोडले, तर ते खातेही तिच्या विवरणात जाते, आणि चुकल्यास दंड जबर असतो. उलट बाजूने, तुमचे नाव पतींनी मँचेस्टरच्या आपल्या खात्यात जोडले, तर तुम्हाला भारतातील आयकर विवरणपत्रात परकीय मालमत्तेच्या रकान्यात ते खाते दरवर्षी दाखवावे लागेल. पैसा त्यांचा आहे, मी एकदाही काढलेला नाही, हे कारण तेथे चालत नाही.

राहता राहिले नामनिर्देशन. संयुक्त खाते आहे म्हणजे वारसाची नोंद नको, असे समजून हा रकाना रिकामा सोडला जातो. दोघे एकाच विमानात, एकाच मोटारीत प्रवास करतात, हे ध्यानात घ्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते आणि प्रत्येकाचा हिस्सा किती हेही लिहिता येते. तुमच्या आईंचे आणि त्यांच्या आईंचे अशी दोन्ही नावे देता येतील. परदेशी राहणाऱ्या व्यक्तीचे नाव देण्यास हरकत नसते. दुसरे असे की 'सर्व्हायव्हर' म्हणून रक्कम हाती येणे आणि तिची कायदेशीर मालकी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँक मागे राहिलेल्या खातेदाराला रक्कम देऊन मोकळी होते, वारसांचा हक्क त्याने संपत नाही, आणि तुमच्या दोघांच्या मागे दोन देशांचे वारसा कायदे असल्यामुळे येथील मालमत्तेपुरते वेगळे मृत्युपत्र दोघांनीही करून ठेवावे.

पतींच्या पुढच्या भेटीत पहिल्या आठवड्यातच शाखेत जा, शेवटच्या आठवड्यात नव्हे; अर्ज केंद्रातून परत आलाच तर ते येथे असतानाच दुरुस्ती होईल. जाण्यापूर्वी शाखेला अनिवासी खात्यांचे काम तेथे होते काय हे विचारून घ्या, कारण प्रत्येक शाखेत ते काम जाणणारा अधिकारी नसतो, आणि कोथरूडच्या शाखेत नसेल तर त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत तो नक्की सापडेल. अर्जाची पोच आणि भरलेल्या अर्जाची छायाप्रत मागून घ्या, आणि खाते उघडल्याचे पत्र हाती आले की त्यावर खात्याचा प्रकार 'एनआरई' आणि चालवण्याची पद्धत 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेच छापले आहे ना, हे तेथेच उभे राहून वाचून पाहा.